लिनक्स टाकू की नको?

गेमिंग लॅपटॉप म्हणजे अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप. त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास, त्यात चार्जर धरलेला नाही. किंमत सत्तर-ऐंशी हजारांपासून सुरू होते आणि घरी सांगताना तिच्याआधी ‘इंजिनिअरिंगला ऑटोकॅड लागतं’ हे वाक्य म्हणावे लागते. कीबोर्डाखाली रंगीत दिवे, मागे दोन पंखे, आत दोन ग्राफिक्स कार्डे आणि या सगळ्यांवर विंडोज. यांतली शेवटची वस्तू काढून तिच्या जागी लिनक्स घालावे की नाही, हा प्रश्न अशा लॅपटॉपच्या मालकाला निदान एकदा पडतोच. तो सहसा रात्री साडेअकरानंतर पडतो.

प्रश्न दिसायला तांत्रिक असला तरी त्याचे मूळ अपमानात असते. पैसे मोजले म्हणजे लॅपटॉप आपला झाला, अशी मालकाची समजूत असते. विंडोज ११ होम सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, तेव्हा तिला पहिला तडा जातो. मग स्टार्ट मेनूत न मागवलेल्या ॲपची शिफारस उगवते. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल वनड्राइव्हवर गेलेली आढळते; कोणी नेली याला उत्तर नसते, सोय मात्र मालकाचीच झालेली असते. २०२४ पासून नव्या लॅपटॉपांवर कोपायलटचे वेगळे बटणही येऊ लागले. ते बाणांच्या बटणांजवळ असल्याने ऐन लढाईत दाबले जाते आणि मालकावर तिन्ही बाजूंनी गोळ्या चालू असताना पडद्यावर ‘काय मदत करू?’ अशी विचारणा होते.

अपडेट हा यातला सर्वांत जुना दुखावा आहे. ते कधीही येते असे म्हणणे अन्यायाचे होईल. निवांत असताना ते येत नाही.

‘झालं का रे?’ आई विचारते.

‘पस्तीस टक्के.’

‘मघाशीही पस्तीसच म्हणाला होतास.’

‘मघाशीही तेवढेच होते.’

जुन्या लॅपटॉपवाल्यांचे दुःख आणखी वेगळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. २०१७ च्या सुमारास घेतलेल्या गेमिंग लॅपटॉपांत बहुधा कोअर आय-सेव्हन ७७००एचक्यू हा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. रॅम सोळा जीबी आहे, मागितलेली फक्त चार. डिस्कवर जागा आहे. सगळी कागदपत्रे जोडलेली आहेत, पण यादीत नाव नाही. सरकारी योजनेच्या खिडकीवर ज्याने एकदा तरी हे वाक्य ऐकले आहे, त्याला या क्षणी लिनक्सबद्दल जे वाटते त्याला तांत्रिक म्हणता येत नाही.

यानंतर सल्ल्याचा टप्पा येतो. प्रत्येक मित्रमंडळात एक लिनक्सवाला असतो. त्याला शोधावे लागत नाही. पावसाचा विषय चालू असतानाही ‘मी आर्च वापरतो’ हे त्याला सांगता येते. लिनक्सचा गाभा लिनस टॉर्वाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला, अँड्रॉइडच्या पोटातही तोच आहे, ही माहिती तो न विचारता देतो. नंतर मोठा पत्ता काढतो.

‘जगातले पहिले पाचशे महासंगणक घे. २०१७ पासून एकूण एक लिनक्सवर आहेत.’

‘त्यांच्यावर व्हॅलोरंट चालतं का?’

या प्रश्नावर लिनक्सवाला थोडा वेळ पावसाबद्दल बोलतो.

लिनक्स टाकायचे ठरले तरी नेमके कोणते टाकायचे, हे ठरायचे असतेच. विंडोज दुकानातून येते तसे एकच येते. लिनक्सची वितरणे शेकडो आहेत. डेबियनपासून उबुंटू निघाले, उबुंटूपासून मिंट आणि पॉप ओएस. फेडोराचे घराणे वेगळे, आर्चचे वेगळे, आणि आर्चवाल्यांना बाकी घराणी फारशी माहीत नाहीत. एके काळी हा प्रश्न टपाल खातेच सोडवत असे. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी जगभर फुकट पाठवल्या जात. त्या मागवणाऱ्यांत आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुले होती आणि होस्टेलमधल्या अनेक चहाच्या पेल्यांखाली त्या सीडी पुढे पुष्कळ टिकल्या. आता सीडी नाही, पाच-सहा जीबीची फाइल आहे, आणि सल्ला तेवढा फुकट राहिला आहे.

‘नवशिक्या आहेस, मिंट घे.’

‘गेमिंगला मिंट? बझाइट घे, सगळं तयार मिळतं.’

‘तयार हवं तर विंडोज काय वाईट होतं?’

हा तिसरा सल्लागार कोण, तो चर्चेत कधी आला, हे कळत नाही. पण प्रत्येक चर्चेत तो असतो. बझाइट हे फेडोरावर बांधलेले, मुद्दाम गेमिंगसाठी केलेले वितरण आहे आणि गेमिंग लॅपटॉपला ते खरोखर सोयीचे पडते. हे एका वाक्यात सांगता येते. तरीही मालक पुढचे पंधरा दिवस तुलनेचे व्हिडिओ पाहतो. दोन वितरणांत गेमचा वेग सेकंदाला १४१ चित्रे की १४४, हे तो वहीत उतरवून ठेवतो. त्याच्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो.

याच काळात तो नोव्हेंबर २०२१ मधली एक चित्रफीत बघतो आणि पंधरा दिवसांचा महिना होतो. लिनस सेबॅस्टियन नावाच्या कॅनेडियन यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम हे गेमचे दुकान बसवायला घेतले. यंत्रणेने आधीच बजावले, की यात अत्यावश्यक भाग उडणार आहेत. तरीही करायचे असेल तर ‘होय, मी म्हणतो तसंच कर!’ अशा अर्थाचे वाक्य अक्षर न अक्षर टाइप करा. त्यांनी ते टाइप केले. यंत्रणेने ते म्हणाले तसेच केले. स्टीम आले की नाही हे पाहायला डेस्कटॉप उरला नाही. या प्रसंगात विंडोज आणि लिनक्स यांच्या स्वभावातला भेद पुरेपूर आला आहे. विंडोज मालकाचे ऐकत नाही. लिनक्स ऐकते, आणि मालकाला काय म्हणायचे होते याची चौकशी करत बसत नाही.

प्रत्यक्ष कृतीचा आरंभ पेनड्राइव्हपासून होतो. घरात पाच पेनड्राइव्ह असतात. त्यांतला एक चार जीबीचा निघतो, दोन सापडत नाहीत, चौथ्यात बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो असतात आणि पाचवा झेरॉक्सच्या दुकानात राहिलेला असतो. योग्य पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवताही चालवून पाहता येते. डिस्कला हात लागत नाही. ही फार शहाणपणाची सोय आहे. वायफाय चालते, आवाज येतो, खिडक्या झुळझुळ उघडतात. मालक इतका हरखतो, की एकही गेम न लावता ‘सगळं चालतंय’ असा निष्कर्ष काढतो.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट मात्र पहिल्या दिवशी कळत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा एक कार्ड प्रोसेसरच्या पोटात असते आणि दुसरे एनव्हिडियाचे. पहिले बॅटरी वाचवते, दुसरे ती पिते. विंडोजवर त्यांच्यातली वाटणी बरीचशी मुकाट्याने होते. लिनक्सवर कोणता गेम कोणाकडे जायचा हे कधी कधी मालकाला सांगावे लागते. न सांगितल्यास लाखाच्या लॅपटॉपवर गेम खुरडत चालतो आणि महागडे कार्ड विश्रांती घेते. एनव्हिडिया आणि लिनक्स यांचे संबंध कसे होते, हे २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात खुद्द टॉर्वाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर मधले बोट दाखवून स्पष्ट केले होते. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला आणि तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. लिनक्सवाला यातले पहिले वर्ष सांगतो की दुसरे, यावरून त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये कोणते कार्ड आहे ते ओळखावे.

उरलेल्या भागांत दिव्यांचा प्रश्न भावनिक आहे. कीबोर्डाचे रंग आणि पंख्यांचा वेग ज्या सॉफ्टवेअरने बदलतो, ते लॅपटॉपच्या कंपनीने विंडोजपुरतेच केलेले असते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपांसाठी हौशी मंडळींनी लिनक्सवर पर्यायी प्रोग्रॅम लिहिले आहेत आणि ते चांगले आहेत. ज्यांच्यासाठी ते नाहीत, त्यांचा कीबोर्ड शेवटच्या दिवशी ज्या रंगात होता त्याच रंगात राहतो. तो बहुधा गुलाबी असतो. झाकण मिटल्यावर लॅपटॉप न झोपता दप्तरात तापत राहणे, हा विकार दोन्हीकडे आढळतो, म्हणून निर्णयाला त्याचा उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे गेम. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्याचा ‘वाइन’ हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. त्याच्या आधारे व्हॉल्व्ह या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ काढले आणि ते स्टीममध्येच घातले. विंडोजचा गेम ग्राफिक्ससाठी डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत मागण्या करतो. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग त्या जागच्या जागी व्हल्कनच्या भाषेत उल्था करून कार्डापर्यंत पोचवतो. डीएक्सव्हीकेची कुळकथा सांगण्यासारखी आहे. फिलिप रेबोले या गृहस्थांना लिनक्सवर ‘निअर : ऑटोमाटा’ हा एक गेम खेळायचा होता. तो चालेना. साधा माणूस अशा वेळी दुसरा गेम खेळतो. त्यांनी तो चालावा म्हणून हे सगळे लिहायला घेतले. आज हजारो गेम त्यातून चालतात. एवढे काम करून त्यांना तो गेम खेळायला कितीसा वेळ उरला असेल, असे मात्र वाटते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आर्चवर बेतलेल्या लिनक्ससह बाजारात आणले, आणि मग प्रोटॉनला खरा जोर चढला. त्याच महिन्यात आलेला ‘एल्डन रिंग’ हा गेम विंडोजवर अडखळत असताना डेकवर व्हॉल्व्हने ते अडखळणे बरेच कमी करून दाखवले. लिनक्सवाल्याने ही बातमी मित्रमंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि कोणी वाचली नसेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आता स्टीमवर बटण दाबले की सुरू होतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर दुभाष्याशिवाय, मुळातच लिनक्सवर चालतात. स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. लिनक्सच्या गोटात तो दिवस सणासारखा पाळला गेला. उरलेल्या ९७ टक्क्यांतल्या बहुतेकांना कळलेही नाही. ते अपडेट होण्याची वाट पाहत बसले होते.

इतके झाल्यावर निर्णय लिनक्सच्या बाजूने लागायला हरकत नसावी. तो लागत नाही, कारण फसवणूक पकडणारे सॉफ्टवेअर. मित्रांसोबत खेळायच्या गेममध्ये काही जण भिंतीपलीकडचे दिसण्याची, आपोआप नेम लागण्याची युक्ती करतात. त्यांना पकडण्यासाठी व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड येते. घरात चोरी होऊ नये म्हणून बोलावलेल्या राखणदाराने थेट देवघरात पथारी टाकावी, तसे ते विंडोजच्या गाभ्यात, लॅपटॉप सुरू होतानाच जाऊन बसते. लिनक्सच्या गाभ्यात त्याला बसवायची सोय केलेली नाही, आणि त्याला बाहेर ओसरीवर बसायचे नाही. त्यामुळे लिनक्सवर व्हॅलोरंट नाही. फोर्टनाइट नाही. कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग नाहीत. एपेक्स लेजंड्स चांगले चालत होते, ते ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद करण्यात आले. लिनक्सच्या आडून फसवणूक होते, हे कारण देण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ५ च्या ऑनलाइन भागाला असेच एक सॉफ्टवेअर जोडले गेले आणि तोही गेला. त्याची कथा एकट्याने खेळता येते. म्हणजे लॉस सँटोस शहरात लिनक्सवाल्याला दरोडा घालता येतो, फक्त सोबतीला मित्र मिळत नाहीत.

इथे एक गोष्ट उघड होते. लॅपटॉपवर काय असावे हे मालक ठरवत नाही, रोज रात्री दहाला त्याच्याबरोबर खेळणारे चौघे ठरवतात.

‘मी लिनक्सवर जातोय.’

‘जा की. मग पाचवा कोण?’

‘आपण काउंटर-स्ट्राइक खेळू.’

‘तू खेळ. आम्ही पाचवा बघतो.’

व्हॅलोरंटमध्ये संघ पाच जणांचा असतो. मालकाच्या स्वातंत्र्याची आकांक्षा खरी असते, ती त्याने मित्रांना ग्रुपवर तीन परिच्छेदांत कळवलेलीही असते. पण पाचव्या जागेवर मामेभावाचे नाव निघताच तो दोन्ही ठेवण्याचा तोडगा काढतो. याला ड्युअल बूट म्हणतात. एका डिस्कचे दोन भाग करायचे आणि लॅपटॉप सुरू होताना कोणाकडे जायचे ते निवडायचे.

एका डिस्कवरचा हा संसार सुरू होताच पहिले भांडण घड्याळावरून होते. लॅपटॉपच्या आतले घड्याळ लिनक्स ग्रिनिचच्या वेळेला लावते. विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचते. भारतात हा फरक साडेपाच तासांचा आहे. लिनक्सवरून रात्री नऊला विंडोजमध्ये आले की घड्याळ दुपारचे साडेतीन दाखवते. अभ्यासाला अजून पुष्कळ वेळ आहे असा पुरावा लेखी मिळाल्याने काही मालक हा दोष दुरुस्त करत नाहीत. लिनक्सला एक आज्ञा दिली की तो जातो.

दुसरे भांडण फाइलींचे. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल, तर विंडोज बंद केल्यावरही पूर्ण बंद होत नाही. अर्धवट झोपते आणि आपल्या भागाला दुसऱ्याने हात लावू नये अशी खूण ठेवून जाते. लिनक्सला तिथले सारे वाचता येते, लिहिता येत नाही. मालक याचे खापर लिनक्सवर फोडतो.

तिसऱ्याला भांडण म्हणणे सौम्य होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचे सुरक्षेचे एक अपडेट आले आणि दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स सुरू होईना. पडद्यावर जो संदेश येई, त्यात काहीतरी फार गंभीर बिघडले आहे अशी नोंद होती. काय बिघडले ते सामान्य माणसाला कळेल असे त्यात नव्हते. संगणकाच्या इतिहासात इतका प्रामाणिक संदेश विरळा.

आणि बिटलॉकर. नव्या लॅपटॉपांवर डिस्क बहुधा कुलूपबंद असते आणि हे मालकाला माहीत नसते. लिनक्ससाठी त्याने बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केले, की पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागते. ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या त्या खात्यात ठेवलेली असते, जे उघडताना मालकाने दात-ओठ खाल्ले होते, ई-मेल जुन्या कॉलेजचा दिला होता आणि पासवर्ड रागात ठेवला होता.

घरच्यांची मते या टप्प्यावर घेतली जातात, म्हणजे उशिराच. वडिलांचा आक्षेप साधा असतो. त्यांनी २००१ नंतर कधीतरी नोकरीतल्या सक्तीने एमएस-सीआयटीची परीक्षा दिली होती आणि त्यात संगणक म्हणजे विंडोज हे पक्के झाले होते.

‘सोसायटीच्या नोटिसा श्रीलिपीत आहेत. त्या उघडतील का?’

‘बाबा, आता युनिकोड वापरायचं असतं.’

‘ते तुमचं खरं. नोटिसा उघडतील का?’

नोटिसा सहजासहजी उघडत नाहीत. युनिकोडमधले मराठी लिनक्सवर उत्तम टाइप होते, इनस्क्रिप्ट कळफलकही तयार असतो. पण पंधरा वर्षांच्या सभांची इतिवृत्ते जुन्या फाँटात पडलेली असतात आणि त्यांत लिफ्टच्या वर्गणीचा वाद आहे, जो अजून मिटलेला नाही. लॅपटॉप मुलाचा असला तरी त्या इतिवृत्तांचा घरातला एकमेव ठिकाणा तोच असतो. आईचा प्रश्न एकच, प्रिंटर चालेल का. तो चालतो. विंडोजवर ज्याचा ड्रायव्हर तीन वर्षे रुसला होता तो जुना प्रिंटर लिनक्सवर काही न मागता चालू होतो, आणि या सबंध खटाटोपातला हा एकमेव निर्विवाद विजय मालकाला फुशारकी मारायला पुरत नाही, कारण त्याला छापायचे काही नसते.

शेवटी मालकांचे तीन गट पडतात. थोडे लिनक्सवर जातात आणि तिथेच राहतात. पावसाच्या गप्पांत ते पुढे ओळखू येतात. थोडे जाऊन परततात आणि परतण्याचे कारण एनव्हिडिया सांगतात, खरे कारण मामेभाऊ असतो. बाकीचे सगळे ठरवत राहतात. वितरणे नवी येतात, तुलनेचे व्हिडिओ नवे येतात, पेनड्राइव्ह टेबलावरच असतो आणि विंडोज दर महिन्याला त्यांना नव्याने जाण्याचे कारण पुरवत राहते.

ज्याला खरोखर ठरवायचे आहे, त्याने आपले गेम आधी कागदावर लिहावेत. त्यांत व्हॅलोरंट, फोर्टनाइट, एपेक्स किंवा जीटीए ऑनलाइन असेल आणि ते सोडवत नसेल, तर विंडोज ठेवावे आणि सल्ले विचारणे थांबवावे. यादी एकट्याने खेळायच्या गेमची असेल, तर लिनक्स खुशाल टाकावे, ते चालते. दोन्ही हवे असेल, तर एका डिस्कचे तुकडे पाडण्यापेक्षा दुसरी एसएसडी घ्यावी. गेमिंग लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी बहुधा एक रिकामी जागा ठेवलेली असते, आणि वेगळ्या डिस्कवरच्या लिनक्सला विंडोजचे अपडेट सहसा त्रास देत नाही. तिन्ही बाबतींत फाइलींची प्रत आधी बाहेर काढावी, बिटलॉकरची किल्ली वहीत उतरवून घ्यावी, आणि हे काम परीक्षा संपल्यावर करावे.